घोड्याची चाल, माणसाची चाल

प्रथम एक सोपा प्रयोग करून पाहा. वर्गातही करता येईल. उभे राहून दोन्ही तळवे कमरेच्या दोन बाजूंना, जिथे हाडाचा कंगोरा हाताला लागतो तिथे, घट्ट ठेवा आणि अगदी सावकाश दहा पावले चाला. लक्ष पायांकडे नको, तळव्यांखालच्या हाडाकडे ठेवा. उजवा पाय पुढे जाऊ लागला की उजवा तळवाही थोडा पुढे सरकतो. जो पाय अधांतरी असतो त्या बाजूची कंबर किंचित खाली झुकते. टेकलेल्या पायाच्या बाजूला सारे धड थोडे सरकते आणि प्रत्येक पावलागणिक वर उचलले जाऊन पुन्हा खाली येते.

म्हणजे आपण 'पायांनी' चालतो असे म्हणत असलो, तरी कमरेचे हाड, शास्त्रीय भाषेत श्रोणी, एकाच वेळी तीन दिशांनी हलत असते. हालचाल मोठी नसते. श्रोणी प्रत्येक बाजूला साधारण चार अंश वळते, सुमारे पाच अंश झुकते आणि धड पाच-एक सेंटिमीटर वरखाली होते. पण या लहानशा डोलण्याला पाठीच्या, पोटाच्या आणि मानेच्या स्नायूंनी दर क्षणी उत्तर द्यावे लागते. ते उत्तर चुकले की तोल जातो. एक-दीड वर्षाचे मूल पडत-धडपडत शिकते ते मुख्यतः हेच.

आता ज्या मुलाला चालताच आलेले नाही त्याचा विचार करा. त्याच्या धडाच्या स्नायूंना हा धडा कधी मिळालेलाच नसतो. पाय चालत नाहीत म्हणून कंबर डोलत नाही, कंबर डोलत नाही म्हणून धडाला सावरण्याची सवय होत नाही, आणि धड सावरत नाही म्हणून पायांवर उभे राहता येत नाही. हे चक्र कुठेतरी तोडायचे, तर पायांची मदत न घेता कंबर डोलवणारे काहीतरी हवे. घोडा इथे उपयोगी पडतो.

घोड्याच्या चालीचे गणित

घोड्याच्या चाली अनेक. दुडकीत तिरप्या रेषेतले दोन पाय जोडीने पडतात आणि स्वार उसळतो. भरधाव धावताना तर घोडा काही क्षण पूर्ण अधांतरी असतो. उपचारासाठी यातले काही नको असते. हवी असते ती घोड्याची सर्वांत संथ, साधी पायचाल. तिच्यात चारही पाय एकेक करून पडतात: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. डोळे मिटून ऐकले तर चार वेगळे ठोके ऐकू येतात.

घोड्याचा डावा मागचा पाय उचलला जाऊन पुढे येतो, तेव्हा त्याच्या पाठीची डावी बाजू किंचित खाली जाते. वर बसलेल्या स्वाराची डावी कंबरही मग खाली झुकते आणि पुढे नेली जाते. पुढच्या अर्ध्या फेरीत हेच उजवीकडे घडते. वरच्या प्रयोगात अधांतरी पायाच्या बाजूची कंबर काय करते ते तुम्ही पाहिलेच आहे. दोन्ही वर्णने शेजारी ठेवून वाचा. घोड्याचे मागचे दोन पाय जणू स्वाराच्या कमरेला उसने मिळालेले असतात.

वेगही जुळतो. संथ चालीत घोडा मिनिटाला साधारण पन्नास ते पंचावन्न पूर्ण फेऱ्या टाकतो. एका फेरीत मागचे दोन पाय एकेकदा पुढे येतात, म्हणजे स्वाराची कंबर मिनिटाला शंभर ते एकशे दहा वेळा डोलते. मोठ्या माणसाच्या सहज चालण्यात मिनिटाला शंभर ते एकशे वीस पावले पडतात. वीस मिनिटांच्या स्वारीत मुलाच्या धडाला दोन हजारांहून अधिक वेळा 'सावर, सावर' असा निरोप जातो. व्यायामशाळेत कोणत्याही मुलाकडून एकच गोष्ट दोन हजार वेळा कुरकुरीविना करून घेता येणार नाही.

गोव्यात शिगम्याला घोडेमोडणी होते. नाचणाऱ्याने कमरेला लाकडी घोडा बांधलेला असतो. घोडा खोटा आणि पाय माणसाचे. उपचाराच्या स्वारीत नेमके उलटे होते. मुलांना समजावताना ही तुलना फार कामी येते.

तोल सांभाळण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून बातम्या मिळतात. एक डोळ्यांकडून. दुसरी आतल्या कानातून. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव डोके वळले की हलतो, आणि शेजारच्या दोन पिशव्यांतले चुन्याचे सूक्ष्म कण सरळ रेषेतला वेग आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगतात. तिसरी बातमी स्नायू, सांधे आणि त्वचेकडून येते. घोडा चालू लागला की स्वार मागे ढकलला जातो, थांबला की पुढे, वळला की बाहेरच्या बाजूला. जडत्वाच्या धड्यातली एस.टी.ची सगळी उदाहरणे इथे एका पाठीवर भेटतात! म्हणूनच उपचारतज्ज्ञ घोड्याला सरळ रेषेत नेऊन समाधान मानत नाही. त्याला नागमोडी चालवतो, मध्येच थांबवतो, मुलाला कधी उलट्या तोंडाने बसवतो.

आणखी एक फायदा मांड्यांचा. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, हा गर्भात, जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे होतो. जगभरात हजार जन्मांमागे साधारण दोन बालकांत तो आढळतो. मेंदूतली इजा वाढत नाही. पण स्नायूंचा ताठरपणा मुलाबरोबर वाढत जाऊन सांधे आखडू शकतात. अशा पुष्कळ मुलांचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. घोड्यावर बसताना मांड्या फाकवाव्याच लागतात, आणि आतले ताठ स्नायू तालात, हळूहळू ताणले जातात. घोड्याचे शरीर आपल्यापेक्षा अर्ध्या-एक अंशाने अधिक गरम असते. खोगिराऐवजी पातळ गादी घातली तर ही ऊब मुलाला मिळते आणि तीही स्नायू सैल व्हायला मदत करते असे उपचारतज्ज्ञ सांगतात. मात्र एका अंशाच्या उबेवर फार मोठा इमला उभारू नये.

ही कल्पना आली कुठून?

अपंग माणसाला घोड्यावर बसवणे जुनेच असेल. पण जगाचे लक्ष तिकडे वेधले ते लिस हार्टेल या डॅनिश स्त्रीने. १९४४ साली, गर्भवती असताना, तिला पोलिओ झाला. गुडघ्यांखाली पाय लुळे झाले ते कायमचे. तिने पुन्हा घोड्यावर बसायचे ठरवले. चढायला आणि उतरायला तिला मदत लागे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या शिस्तबद्ध घोडेस्वारीच्या प्रकारात स्त्रियांना पुरुषांबरोबर प्रथमच प्रवेश मिळाला, आणि ज्युबिली नावाच्या घोडीवर बसून हार्टेलने रौप्यपदक जिंकले. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये पुन्हा रौप्य. त्या वर्षीचे खेळ मेलबर्नला होते, पण ऑस्ट्रेलियाच्या पशुरोगविषयक कडक नियमांमुळे घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला झाल्या होत्या.

हार्टेलचा पोलिओ घोड्याने बरा केला नाही, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे. मेलेल्या चेतापेशी परत आल्या नाहीत. जे स्नायू शाबूत होते त्यांच्याकडून ती अधिक काम करून घ्यायला शिकली.

१९६० नंतर जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड येथे भौतिकोपचारतज्ज्ञांनी घोड्याच्या चालीचा पद्धतशीर वापर सुरू केला. तिला हिप्पोथेरपी म्हणतात. 'हिप्पोस' म्हणजे ग्रीकमध्ये घोडा, हिप्पोपोटेमसमधला तोच. १९६९ साली ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत अपंगांच्या घोडेस्वारीच्या राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या, आणि १९९६ च्या अटलांटा पॅरालिंपिकपासून अपंग स्वारांच्या स्पर्धा होऊ लागल्या. भारतातही मोठ्या शहरांत असे वर्ग चालवले गेले आहेत.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. हिप्पोथेरपीत घोडा हे उपचारतज्ज्ञाच्या हातातले साधन असते, मूल घोडा हाकत नाही. उपचारात्मक घोडेस्वारीत मूल स्वारी शिकते. लगाम धरणे, घोड्याला खरारा करणे, त्याच्याशी बोलणे हाही त्याचा भाग असतो. स्वमग्न मुलांच्या बाबतीत हा दुसरा प्रकार अधिक वापरला जातो.

खरोखर उपयोग होतो का?

गणपतीला आलेला एखादा चाकरमानी सांगतो, मुंबईला घोड्यावर बसवून मुले चालती करतात. तुमच्या झिलाला घेऊन या. आईवडील शाळेत येऊन गुरुजींना विचारतात, नेऊ का? मसुऱ्याहून मुंबई म्हणजे आधी कणकवलीला गाडी पकडायची, मग रात्रभराचा प्रवास, नातेवाइकाच्या खोलीत मुक्काम, बुडालेली मजुरी. या प्रश्नाला 'करून बघा' हे उत्तर देणे सोपे आहे, पण ते जबाबदारीचे नाही. म्हणून प्रयोगांनी काय दाखवले ते नीट पाहू.

२००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग वर्गात सांगण्याजोगा आहे. ताठर स्नायूंची सेरेब्रल पाल्सी असलेली पंधरा मुले घेतली. काहींना आठ मिनिटे चालत्या घोड्यावर बसवले, उरलेल्यांना आठ मिनिटे स्थिर पिंपावर, पण घोड्यासारखेच पाय फाकवून. आधी आणि नंतर धडाच्या व मांड्यांच्या स्नायूंतली विद्युत हालचाल मोजली. घोड्यावरच्या मुलांत डाव्या-उजव्या स्नायूंतला असमतोल कमी झाला, पिंपावरच्या मुलांत तसा झाला नाही. पिंप कशासाठी, हे विद्यार्थ्यांना विचारा. पिंप नसते तर फायदा पाय फाकवून बसल्याचा की घोड्याच्या चालीचा, हे कळलेच नसते.

पण आठ मिनिटांनंतरचा फरक म्हणजे आयुष्यातला फरक नव्हे. २००९ साली ऑस्ट्रेलियात नव्व्याण्णव मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना दहा आठवडे घोडेस्वारी दिली, निम्म्यांना नाही. कोणाला कोणत्या गटात घालायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. हालचालींची क्षमता, आरोग्य आणि जीवनमान यांत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. पुढे २०१५ साली दक्षिण कोरियातल्या ब्याण्णव मुलांच्या अभ्यासात उलटा निष्कर्ष आला. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ आठवडे उपचार घेतलेल्या मुलांची बसण्या-उभे राहण्याची क्षमता घरी व्यायाम करणाऱ्या मुलांपेक्षा अधिक सुधारली.

मग खरे कोणाचे? दोन्ही खरी असू शकतात. ऑस्ट्रेलियात दिली ती घोडेस्वारी, कोरियात हिप्पोथेरपी. शिवाय कोरियात आठवड्यातून दोन वेळा. सगळे अभ्यास एकत्र पाहिले तर मला जे दिसते ते असे: बसण्याचा तोल आणि धडाचे नियंत्रण यांत फायदा होण्याची शक्यता चांगली, चालण्यात थोडी, आणि उपचार थांबल्यावर हा फायदा किती टिकतो याचा पुरावा तुटपुंजा. 'मुले चालती करतात' याला आधार नाही.

स्वमग्न मुलांसाठीचा २०१५ चा एक अमेरिकी अभ्यास अधिक आशादायक आहे. त्यात १२७ मुले होती. निम्म्यांना दहा आठवडे स्वारी. उरलेल्यांनाही तबेल्यात नेले, घोड्याविषयी शिकवले, पण खरा घोडा नाही, घोड्याएवढे मोठे कापडी खेळणे दिले. स्वारीच्या गटात चिडचिड आणि अतिचंचलता कमी झाली, बोलण्यात शब्द वाढले. इथे कमरेच्या डोलण्यापेक्षा जिवंत प्राण्याची सोबत काम करत असावी.

धोक्यांविषयी जाहिरातीत कोणी लिहीत नाही, म्हणून इथे लिहितो. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांत मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. धक्क्याने मज्जारज्जूला इजा होऊ शकते. मानेची तपासणी झाल्याशिवाय अशा मुलाला घोड्यावर बसवू नये. खुब्याचा सांधा निखळू लागलेला असेल, फिट्स आटोक्यात नसतील, हाडे ठिसूळ असतील, तरीही आधी डॉक्टर. जिथे घोडे तिथे धनुर्वाताचे जंतू मातीत असतातच, तेव्हा लस घेतलेली हवी. घोड्यांना होणारा ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो, आणि भारतात तो अजून नाहीसा झालेला नाही. म्हणून घोड्याची रक्ततपासणी झाली आहे का हे विचारण्यात संकोच नको.

आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणताही घोडा चालत नाही. माथेरानला किंवा चौपाटीवर पैसे देऊन मिळते ती घोड्यावरची फेरी हा उपचार नव्हे. उपचाराचा घोडा प्रौढ, शांत, अचानक वाजलेल्या फटाक्याने न बुजणारा आणि चारही पायांनी समान चालणारा हवा. एका पायाने किंचित लंगडणारा घोडा आपले लंगडणे स्वाराच्या कमरेत उतरवतो. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे स्वस्तात मिळतात, पण वेगासाठी वाढवलेले ते जनावर तापट आणि हळवे असते. एक मूल स्वार झाले की एक माणूस घोडा धरायला, दोघे दोन्ही बाजूंनी मुलाला आधार द्यायला, आणि उपचारतज्ज्ञ वेगळा. म्हणजे एका मुलामागे चार माणसे.

घोडे पेंड खाते ते इथेच. चारशे किलोच्या घोड्याला रोज आठ-दहा किलो सुका चारा लागतो. त्याला मोकळी, कोरडी, सपाट जमीन लागते. भीमथडीच्या पठारावर घोडे निपजले आणि मराठ्यांच्या फौजांत गेले. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला आजही घोड्यांचा बाजार भरतो. आमच्याकडे गड नदीच्या काठी चार महिने चिखल, वर भरतगडाच्या उतारावर जांभा दगड, आणि पेंढा जेमतेम गुरांना पुरतो. सतत ओल्या जमिनीत घोड्याचे खूर कुजू लागतात. मसुऱ्यात उपचाराचा तबेला निघावा अशी इच्छा कितीही असली तरी तो तगणार नाही.

म्हणून घोड्यातले विज्ञान तेवढे वेगळे काढून घेता येते का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जपान आणि कोरियात घोड्यासारखे डोलणारे यांत्रिक आसन बनवले गेले. स्पेनमधल्या एका अभ्यासात अशा यंत्रावर बसलेल्या मुलांचा बसण्याचा तोल सुधारला, मात्र उपचार थांबल्यावर तो टिकला नाही. यंत्र महाग आहे. पण भौतिकोपचारात त्याहून कितीतरी जुने आणि साधे साधन वापरतात, ते म्हणजे लोड. गादी घट्ट गुंडाळून, दोरीने बांधून तो घरी करता येतो. जाडी एवढी की दोन्ही बाजूंना पाय सोडून बसल्यावर मुलाचे तळपाय जमिनीला पुरते टेकावेत. मोठ्या माणसाने मागे बसून मुलाची कंबर धरायची आणि लोड दोन्हीकडे हळूहळू, अगदी दोन-तीन बोटे कलवायचा. मूल खांद्यातून उलट बाजूला सावरते का ते पाहायचे. जमू लागले की समोर, बाजूला, थोडे वर एखादा आंबा किंवा खेळणे धरून हात पुढे करायला लावायचे. ओटीवरचा झोपाळा आतल्या कानाला व्यायाम देतो, पण तो एकाच दिशेने डोलतो आणि मूल पाठीला टेकले तर धडाला कामच उरत नाही. नदीतल्या होडीत तोल तीनही दिशांनी लागतो हे खरे. पाण्याचा धोका पाहता ती कल्पना कल्पनेतच राहू द्यावी.

हे सुरू करण्यापूर्वी भौतिकोपचारतज्ज्ञाने मूल एकदा तरी पाहिलेले असावे, विशेषतः खुब्याचा सांधा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांना आणि अंगणवाड्यांना भेट देतात, त्यांच्यापुढे मुलाला आणावे. ओरोसचे जिल्हा रुग्णालय ही पहिली पायरी. मुंबईला जायचेच असेल तर हाजी अलीला, महालक्ष्मीच्या रेसकोर्सजवळच, अपंगांच्या पुनर्वसनाची केंद्र सरकारची मोठी संस्था आहे. तिथे मुलाची पूर्ण तपासणी करून घेणे हे घोड्यावरच्या चार फेऱ्यांपेक्षा प्रवासखर्चाला अधिक न्याय देणारे ठरेल.

वर्गात शिक्षकाला करण्याजोगी गोष्ट त्याहून साधी आहे. असे मूल बहुधा सर्वांच्याच उंचीच्या बाकावर बसवलेले असते आणि त्याचे पाय लोंबकळत असतात. पाय टेकलेले नसले की कंबर मागे घसरते, पाठीला पोक येते आणि दोन्ही हात बाक धरण्यात गुंततात. मग ते लिहिणार कशाने? पायांखाली फळी किंवा दोन विटा अशा ठेवा की गुडघे आणि कंबर काटकोनात येतील. पुष्कळदा त्याच दिवशी एक हात मोकळा होतो.

प्रगती मोजायला घड्याळ पुरते. मुलाला पाठ टेकायला नसलेल्या स्टुलावर, पाय टेकवून, हात मांडीवर ठेवून बसवा आणि आधाराविना किती सेकंद बसते ते मोजा. शेजारी एकाने पडताना धरण्यासाठी उभे राहावे. लागोपाठ तीन वेळा मोजून मधला आकडा वहीत तारखेसह लिहा. स्टूल तेच, वेळही तीच, शक्यतो सकाळची, कारण थकलेल्या मुलाचे आकडे वेगळे येतात. दोन आठवडे लोडाचा व्यायाम न देता नुसतेच मोजा, मग व्यायाम सुरू करून आठ आठवडे, दर सोमवारी. आलेख काढायचे काम सातवी-आठवीच्या मुलांकडे द्यावे.